पहिल्यांदाच जंगलजेटीने (गाड्या वाहून नेणाऱ्या फेरीबोटीने) आजोळी?

गुहागरला आईच्या माहेरी गाडी घेऊन जाताय, छानच! पण आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे या तिन्ही फेरीबोटी एकाच दिवसात गाठू नका; मुलं कंटाळतात. खेड-दापोलीमार्गे येऊन फक्त दाभोळची खाडी ओलांडा.

- शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा. गणपतीत, शिमग्यात रांग लांबते.
- तिकिटासाठी सुटे पैसे ठेवा.
- चढण्याआधी आजी-आजोबा, मुलांना उतरवा. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो, भरलेल्या गाडीचा तळ घासतो. पहिल्या गिअरमध्ये, सरळ, सावकाश चढा. नवखे नेमके इथेच घाबरून ब्रेक दाबतात आणि शेवाळावर चाक घसरतं.
- बोटीवर इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला.

पेट्रोल दापोलीतच भरून घ्या.