बोर्डावर मिरची कुठे आहे?

प्रश्न : ताई, मी वाळवा तालुक्यात राहते. सहा वर्षं झाली, घरी कांदा-लसूण मसाला करून विकते. गेल्या दिवाळीनंतर महिलांच्या एका कार्यशाळेत व्हिजन बोर्ड करायला शिकवलं. आयुष्यात जे हवं त्याचे फोटो कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे, रोज सकाळी पाच मिनिटं बघायचं आणि ते मिळालंच आहे असं मनात जगायचं. मी नेमाने करतेय. धंदा मात्र होता तिथंच आहे, महिन्याला सरासरी ४० किलो. कार्यशाळेच्या मॅडम म्हणतात, तुमची श्रद्धा कमी पडते, पुढची लेव्हल करा. तिची फी ९,००० रुपये. घरचे म्हणतात, काढून टाक तो पुठ्ठा. बोर्डाचा फोटो पाठवतेय. माझं चुकतंय कुठं?

उत्तर : ताई, तुमची श्रद्धा अजिबात कमी नाही. घरचं सगळं आवरून, आठ-नऊ महिने एकही दिवस न चुकवता पाच मिनिटं बसणाऱ्या बाईला असं कुणी म्हणावं याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून आधी हे सांगितलं.

आता फोटोकडे येते. दोनमजली बंगला, पांढरी गाडी, नोटांची चळत, बर्फाचे डोंगर, काचेच्या केबिनमध्ये बसलेली कोट घातलेली बाई. वरच्या कोपऱ्यात पदवीच्या टोपीखाली लेकीचा चेहरा चिकटवलाय, तो फार गोड आहे. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. तुमच्या बोर्डावर एकही मिरची नाही. मसाला कुटायचा डंक नाही, तराजू नाही, पुडी नाही, गिऱ्हाईक नाही. पत्र नसतं तर तुम्ही कसला धंदा करता हे मला ओळखता आलं नसतं. चुकतंय ते इथं.

मी स्वतः या वाटेने गेले आहे. सहकारी बँकेत कर्ज विभागात माझी २८ वर्षं गेली. नोकरीच्या सुरुवातीला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो आणि मी रविवारच्या पुरवणीतलं एका बंगल्याचं चित्र कापून लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. रोज साडी काढताना ते दिसायचं. बघून बरं वाटायचं आणि त्या बरं वाटण्यातच दिवस निघून जायचा. तीन वर्षांत घरासाठी मी एक रुपया बाजूला टाकला नाही. मग एकदा काउंटरवर एक बांगडीवाली मावशी पिग्मीचं कार्ड घेऊन आली. रोजच्या दहा रुपयांच्या नोंदी. घडीवर कार्ड फाटायला आलेलं, कडा काळ्या पडलेल्या. भरलेल्या चौकटींवरून बोट फिरवत ती रिकाम्या चौकटींपाशी थांबली आणि म्हणाली, "एवढी घरं भरली की गाडा माझा."

त्या रात्री मी बंगला काढला आणि त्या जागी ६० चौकटींचा कागद लावला. महिना ८०० रुपयांची आवर्ती ठेव, हप्ता भरला की एक चौकट लाल पेन्सिलीने रंगवायची. पाच वर्षांनी ४८,००० आणि वरचं व्याज हातात आलं आणि प्लॉटचा पहिला हप्ता त्यातून गेला. आज मी त्याच प्लॉटवरच्या घरात बसून तुम्हाला लिहितेय. तोही व्हिजन बोर्डच होता. फक्त त्यावर मला रोज काही करायचं होतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव असता तर इतक्या ठामपणे लिहिलं नसतं. गॅब्रिएल ओटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आयुष्यभर याच गोष्टीचा अभ्यास केलाय. १९९१ साली त्यांचा वजन कमी करणाऱ्या २५ बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना 'मला हे जमेल' असा भरवसा होता त्यांचं वजन जास्त उतरलं. पण बारीक झालेली आपली छबी मनात रंगवून त्यात रमणाऱ्या बायकांचं वजन कमी उतरलं. म्हणजे भरवसा वेगळा आणि रमणं वेगळं. पुढे २००२ मध्ये डोरिस मायर यांच्याबरोबर त्यांनी पदवी घेऊन नोकरी शोधणाऱ्या तरुणांकडे बघितलं. छान नोकरीच्या स्वप्नात जे जास्त रमले त्यांनी अर्ज कमी केले होते, आणि दोन वर्षांनंतर त्यांचा पगारही कमी होता. मनाने फळ आधीच चाखलं की हातापायांची निकड ओसरते. 'मिळालंच आहे असं जगा' या सांगण्यात नेमकी हीच अडचण आहे.

ओटिंगन बाई स्वप्न सोडायला मात्र सांगत नाहीत. त्या म्हणतात, आधी काय हवं ते डोळ्यांपुढे आणा आणि लगेच त्याच्या शेजारी आडवं काय येतंय ते ठेवा. क्रमही हाच. आधी इच्छा, मग अडसर.

मग तुमचा अडसर कुठला? तो तुम्हीच पत्राच्या दुसऱ्या पानावर सहज लिहून गेलात : "उधारी ३२ हजार अडकलीय, मिरची लागेल तशी आणते." ताई, सगळं या एका ओळीत आहे. माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे की नवी मिरची उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येते. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, तेव्हाच निवडून, डेखं काढून, कडक उन्हात वाळवून ठेवायची. वर्षाची बेगमी करणारी घरंसुद्धा मार्च ते मे याच दिवसांत मसाला घेतात. आणि नेमक्या तेव्हा तुमचा पैसा गल्लीतल्या वह्यांमध्ये असतो. म्हणून तुम्ही पावसाळ्यात किराणा दुकानातून पाच-पाच किलो मिरची चढ्या भावाने आणता आणि मागणी आली तरी हात आखडता घेता. धंदा ४० किलोवर अडलाय तो खेळत्या भांडवलापाशी.

तेव्हा नवा बोर्ड करा. लेकीचा फोटो आहे तिथंच राहू द्या, तिच्यासाठीच चाललंय सगळं. बंगला आणि गाडी पाकिटात घालून जपून ठेवा. मधोमध तुमच्या मिरचीचा फोटो लावा, अंगणात वाळत घातलेल्या लाल मिरचीचा, तुमच्याच मोबाइलवर काढलेला. खाली एक ओळ : 'फेब्रुवारीअखेर मिरचीची चार पोती घरात.' पोती किती ते तुम्ही ठरवा, तारीख मात्र हवीच. शेजारी ३२ चौकटी, एक चौकट म्हणजे वसूल झालेली एक हजाराची उधारी. आणि आडवं येणाऱ्या प्रत्येक गोष्टीसमोर एक 'जर-तर' लिहा. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञांनी ही युक्ती नीट अभ्यासून मांडली आहे, अवघड प्रसंग येण्याआधीच आपलं उत्तर ठरवून ठेवायचं. 'जर वहिनी म्हणाल्या पुढच्या महिन्यात देते, तर मी म्हणेन, आज निम्मे द्या, मसाला आत्ता घेऊन जा.' हे वाक्य आरशासमोर म्हणून बघा. मला पहिल्यांदा फार जड गेलं होतं, आपल्याच माणसांकडे पैसे मागायला जीभ उचलत नाही. तुमचीही म्हणूनच उचलत नसणार.

उधारी वसूल करूनही कमी पडलं तर बँकेत मुद्रा योजनेच्या शिशु गटाची चौकशी करा. ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज त्यात मिळतं, तारण लागत नाही. जाताना सहा महिन्यांच्या विक्रीची वही न्या. कर्जाच्या टेबलामागे बसलेल्या माणसाला वहीइतकं दुसरं काही पटत नाही. इतकी वर्षं त्या टेबलामागे मीच होते.

आणि ते ९,००० रुपये? तुमच्याकडच्या भावाने त्यात किती किलो संकेश्वरी येते, ते आज रात्री घरच्यांना शेजारी बसवून मांडा. पुठ्ठा काढायचा की ठेवायचा हेही मग एकत्रच ठरेल.

प्रश्न : मॅडम, मी २५ वर्षांचा, पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करतो. टेबलासमोर बोर्ड लावलाय : दिव्याची गाडी, बंगला, माझा सत्कार. पूर्वी बघून जोर यायचा. दोन प्रयत्न गेले, आता बघितलं की छातीत धस्स होतं. काढला तर हरलो असं वाटेल.

उत्तर : बाळा, बोर्ड काढ. त्यात हरणं काही नाही. ज्या चित्राकडे बघून धस्स होतं ते रोज डोळ्यांसमोर ठेवायची सक्ती कुणी केलेली नाही. आणि दिव्याच्या गाड्या १ मे २०१७ पासून बंद झाल्या. तू ज्यासाठी झुरतोयस ते निदान तेवढं तरी आता उरलेलंच नाही.

कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. परीक्षेआधी काहींना रोज थोडा वेळ चांगले गुण मिळाल्याचं चित्र मनात आणायला सांगितलं. काहींना आपण अभ्यासाला बसलोय, हे चित्र : कुठे बसलोय, समोर कोणतं पान उघडलंय. अभ्यासाचं चित्र बघणाऱ्यांनी जास्त वेळ अभ्यास केला आणि त्यांना गुणही जास्त पडले. तुझी मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, म्हणजे आता हाताने लिहावंच लागणार. तर भिंतीवर दोरी बांध आणि रोज लिहिलेलं एक उत्तर चिमट्याने लटकव. महिन्याने तीस कागद होतील. जोर त्या कागदांकडे बघून येतो का ते बघ.

अजून एक. एखाद्या सोमवारी तहसील कार्यालयात अर्धा दिवस बाकावर बसून ये. फेरफार अडलेला शेतकरी, दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेली बाई, त्यांच्याशी बोलणारा नायब तहसीलदार. हे काम आपल्याला आवडेल का, हे स्वतःला विचार. आवडलं तर त्याचं चित्र लाव. नाही वाटलं तर घरी फोन कर आणि आईवडिलांशी मोकळेपणाने बोल. दुसरी वाट कोणती आणि ती किती प्रयत्नांनंतर धरायची, हेही एका कागदावर लिहून ठेव. तो कागद टेबलाच्या खणात असला की रात्री झोप बरी लागते.

प्रश्न : आमच्या ह्यांनी व्हिजन बोर्ड दिवाणखान्यात लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, हे रंगवून सांगतात. मला संकोच वाटतो. लावावा कुठे?

उत्तर : कपाटाच्या दाराला, आतून. सगळ्यांना सांगून झालं, त्यांनी कौतुक केलं, की काम थोडं झाल्यासारखंच वाटतं आणि उरलेलं मागे पडतं. ह्यांना असं सांगू नका, वाद होईल. म्हणा, "माझ्याही चार गोष्टी त्यावर लावायच्यात, आत असला तर दोघांना मिळून बघता येईल." आणि खरंच लावा. घरातल्या बाईला काय हवंय ते बहुतेक घरांच्या बोर्डावर नसतंच. तुमच्या पत्रातही ते कुठे दिसलं नाही. पुढच्या पत्रात ते नक्की लिहा, मी वाट बघते.