जनमसाखीत 'सखी' कुठून आली?

प्रश्न असा आलाय की गुरू नानकांच्या एका जुन्या छापील चित्राखाली 'जन्मसखी' लिहिलंय, तर जन्मभराची मैत्रीण असा अर्थ घ्यायचा का. नाही हो, अजिबात नाही! हे 'जन्मसखी' हल्ली सारखं दिसतं आणि दर वेळी डोकं उठतं. शब्द आहे जनमसाखी, तो काना खाऊ नका, आणि साखी म्हणजे आपलीच साक्ष. क्षचा तिकडे हिंदी-पंजाबीत ख होतो, आपलं शेत ते त्यांचं खेत, आपली माशी ती मक्खी, तसंच. साक्षी म्हणजे मुळात डोळ्यांसकट, ज्यानं स्वतः पाहिलंय तो. नानकांच्या आयुष्यातल्या एकेका प्रसंगाची गोष्ट म्हणजे साखी, आणि अशा साख्यांचा संग्रह ती जनमसाखी.

आता खरी मजा चित्रात आहे. 1870 च्या दशकात लाहोर-अमृतसरच्या बाजारात लाकडी ठशांची स्वस्त चित्रं विकली जायची, जाड काळ्या रेघा आणि हातानं फासलेला रंग रेघेबाहेर गेलेला (लॉकवूड किपलिंग, आधी मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचे तेच, 1875 ला लाहोरला गेले, त्यांनी जमवली म्हणून आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बघायला मिळतात). मधे नानक, एकीकडे रबाब हे तंतुवाद्य घेतलेला त्यांचा सोबती मर्दाना, दुसरीकडे मोरचेल ढाळणारा बाला. आता जनमसाख्या एकाहून जास्त आहेत, आणि हा बाला 'पुरातन' नावाच्या जनमसाखीत सोबतीला नाहीच, जुने शीख कवी भाई गुरदास यांनी दिलेल्या नानकांच्या शिष्यांच्या यादीतही नाही. तो येतो बाला जनमसाखीत, तिथं तोच नानकांनंतरचे गुरू अंगद यांना सगळं सांगतो, मी सोबत होतो, मी पाहिलं म्हणून. साक्षीदारच की! हीच जनमसाखी पुढे छापून घरोघर गेली आणि बाला चित्रात कायमचा बसला. अभ्यासक त्याला नंतर घुसवलेला म्हणून बाजूला सारतात, सारू देत, पण माझ्या मते ठसे कोरणाऱ्यांनी 'साखी' हा शब्दच माणूस करून नानकांशेजारी उभा केलाय, आणि हे न बघता नुसतं तो खरा की खोटा यावर पानं भरणं म्हणजे चित्र न बघणं.

आणि हो, आपल्या संगीत नाटकातली साकी, म्हणजे पदाचा तो एक छंद! ती फारसीतल्या पेला भरणाऱ्या साकीवरून आली असं ठोकून देणारे आहेत. दिंडी आणि आर्येच्या पंगतीत बसणाऱ्या साकीचा दारूशी काय संबंध? कबीराची साखी, म्हणजे त्याचे दोहे, समोर असताना इतक्या लांब जायचं कशाला, ती तिथूनच आली असं माझं ठाम मत आहे.

मराठीत ती जनमसाखी, अनेकवचन जनमसाख्या.