ही खुर्ची मघाशी इथेच होती का?

मागच्या अंकात रात्रपाळीच्या हॉरर गेम्सवर थोडंसं लिहिलं होतं. म्हणजे ते गेम, ज्यात हातात ना बंदूक ना टॉर्च, फक्त घरातल्या कॅमेऱ्यांच्या फीडवर नजर ठेवायची आणि काही बदललं, हललं, गायब झालं किंवा नको ते उगवलं की खोली आणि प्रकार निवडून रिपोर्ट करायचा. त्यावर इतके प्रश्न आलेत की यावेळी सगळी जागा त्यांनाच देतोय.

प्रश्न : मी 'आय ॲम ऑन ऑब्झर्वेशन ड्यूटी' खेळतोय, पंधरा-सोळा वेळा तरी झालं असेल, दरवेळी गेममधल्या घड्याळात रात्रीच्या 3 पर्यंत येतो आणि गेम ओव्हर. डोळे फाडून बघतो तरी कळत नाही काय सुटलं, लई वैताग आलाय. काय चुकतंय माझं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डोळे फाडून बघताय ना, तिथंच गोची आहे. हा गेम डोळ्यांचा कमी आणि पाठांतराचा जास्त आहे, हे एकदा पटलं की 3 काय, ड्यूटी संपायचे सकाळचे 6 पण वाजतील तुमचे.

लहानपणी रविवारच्या पुरवणीत 'दोन चित्रांतले दहा फरक ओळखा' यायचं, आठवतंय? तिथं दोन्ही चित्रं शेजारीशेजारी असायची, इकडे बघ तिकडे बघ, सापडलं. इथं दुसरं चित्र समोर आहे पण पहिलं फक्त तुमच्या डोक्यात आहे, आणि डोक्यात ते नीट बसवलंच नसेल तर तुलना कशाशी करणार? म्हणून रात्री 12 ला ड्यूटी सुरू झाली की सुरुवातीचा जो शांत वेळ मिळतो ना, तो सोन्यासारखा वापरा. बहुतेक जण त्यात भूत शोधत बसतात आणि भूत तर अजून आलेलंच नसतं. त्या वेळात एकेक खोली मोठ्यानं बोलून पाठ करा, हो, खरंच तोंडानं, पाढे म्हणतो तसं. पण नुसतं 'सोफा, टेबल, दिवा' नाही. 'सोफ्यावर दोन उशा, टेबलाला चार खुर्च्या, दिवा खिडकीच्या डावीकडे, भिंतीवर तीन चित्रं, दार बंद.' म्हणजे आकडा आणि जागा. खुर्ची आहे हे लक्षात ठेवून उपयोग नाही, ती टेबलाच्या आत ढकललेली आहे की बाहेर आहे ते लागतं. मी स्वतः बेडरूमचा कॅमेरा असा पाठ केला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की कपाटावरचा खोका आपण आधीच्या आठ-दहा डावांत एकदाही बघितलाच नव्हता!

यामागचं कारण फार इंटरेस्टिंग आहे. एखादी गोष्ट नजरेसमोर हलली तर मेंदूला आपोआप कळतं, कारण हालचाल नजर खेचून घेते. पण मध्ये क्षणभर पडदा पडला तर ती खूण पुसली जाते. 1997 साली रेन्सिंक, ओ'रीगन आणि क्लार्क या संशोधकांनी लोकांना एक फोटो दाखवला, मग क्षणभर कोरा पडदा, मग तोच फोटो पण एक गोष्ट बदललेली, परत कोरा पडदा, परत पहिला फोटो, असं आलटून पालटून. लोकांना भलेमोठे बदल सापडायला फार वेळ लागला, आणि तो मधला कोरा पडदा काढला की लगेच दिसायचं. आता तुम्ही कॅमेरा बदलता तेव्हा काय होतं? हॉलमधून किचनला गेलात, किचनमधून परत हॉलला आलात, मध्ये पडदा पडलाच की. हा सगळा गेम त्या एका फटीवर उभा आहे. बदल सहसा तुम्ही दुसऱ्या खोलीत असताना होतो, म्हणून हलताना काहीच दिसत नाही, हललेलं फक्त आठवणीतून कळतं.

आता 3 वाजता का मरता ते सांगतो. एक म्हणजे तुम्ही एका कॅमेऱ्यावर ठाण मांडत असणार, 'इथं काहीतरी आहे, नक्की आहे' करत, आणि तेवढ्यात बाकीच्या खोल्यांत साठत जातं. एकाच वेळी जास्त ॲनॉमली, म्हणजे हे असे बदल, चालू राहिल्या की आधी वॉर्निंग येते आणि तरी सापडल्या नाहीत तर खेळ संपतो. वॉर्निंग आली की लोक घाबरून उलटसुलट कॅमेरे फिरवायला लागतात, नेमकं तिथंच सगळं हातातनं जातं. तेव्हा उलट स्पीड कमी करा आणि ठरलेल्या क्रमानंच एक फेरी पूर्ण मारा, प्रत्येक खोलीत तीच यादी त्याच क्रमानं, डावीकडून उजवीकडे. दुसरं म्हणजे दारात उभी असलेली भुतासारखी काळी आकृती सगळ्यांनाच दिसते, ती तुम्हाला हरवत नाही. हरवतं ते जरासं सरकलेलं टेबल आणि भिंतीवरचं बदललेलं चित्र. आणि तिसरं, कॅमेरे पण मोजा! कधी कधी कॅमेराच बिघडतो आणि फिरवताना एखादी खोली येतच नाहीये हे आपल्या ध्यानातच येत नाही, कारण जे समोर नाही ते शोधणार कसं. एकूण किती कॅमेरे हा आकडा कागदावर लिहून समोर ठेवा.

प्रश्न : वस्तू सरकली, वस्तू गायब झाली, जास्तीची वस्तू आली, यात फार कन्फ्यूजन होतं. चुकीचा रिपोर्ट गेला तर काय करायचं?
— एक वाचक, जळगाव

उत्तर : आधी गायब झालंय का बघा. एखादी वस्तू जागेवर नाही असं वाटलं की आख्ख्या खोलीत ती दुसरीकडे कुठं दिसते का ते बघायचं, दिसली तर सरकली, नाही दिसली तर गायब. बरेचदा जागा रिकामी दिसल्या दिसल्या गायबचा रिपोर्ट टाकला जातो आणि ती वस्तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेली असते. आकडा पाठ असेल तर हा प्रश्नच उरत नाही, चार खुर्च्या होत्या, चारच आहेत, म्हणजे सरकली. पाच झाल्या तर जास्तीची. रिपोर्ट चुकला तर काही आढळलं नाही असा मेसेज येतो, त्यात वेळ जातो एवढंच, पण बदल तुम्ही खरोखर बघितला असेल तर माघार घेऊ नका, प्रकार बदलून परत टाका.

प्रश्न : माझा मुलगा 13 वर्षांचा आहे, असले गेम रात्री हेडफोन लावून खेळतो आणि नंतर लाइट चालू ठेवून झोपतो. सासूबाई म्हणतात घरात असलं काही आणू नये. मला ओरडायचं नाहीये पण काळजी वाटते.
— एक आई, ठाणे

उत्तर : ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे आणि ओरडायचं नाही हे ठरवलंत ते फार बरं केलंत, कारण या वयात ओरडलं की मुलं गेम बंद करत नाहीत, दार बंद करतात.

या गेम्समध्ये रक्तपात तसा कमी असतो. भीती कशाची वाटते तर ओळखीच्या जागेची. साधं घर, साधी खोली, आणि त्यात एकच गोष्ट चुकीची. गेम बंद केल्यावर मुलगा ज्या खोलीत झोपतो ती पण साधी खोलीच आहे ना, म्हणून भीती सोबत येते. तेव्हा वेळ बदला आधी. दुपारी किंवा संध्याकाळी, हॉलमध्ये, हेडफोनशिवाय स्पीकरवर. अर्धी भीती आवाजात असते, मिक्सर चालू असताना कोणाला भुताची भीती वाटत नाही. आणि जमलं तर त्याच्या शेजारी बसा. हा खेळ दोघांनी खेळायला फार छान आहे, एकानं कॅमेरे फिरवायचे आणि दुसऱ्यानं यादी म्हणायची, आणि घरातल्या बाईला कुठली बरणी कुठं होती हे जेवढं ध्यानात असतं तेवढं कुणालाच नसतं, तुम्ही त्याच्यापेक्षा भारी खेळाल हे मी लिहून देतो. सासूबाईंना पण बसवा एखाद्या दिवशी. फक्त एक आहे, इतकं सगळं करूनही आठवडाभर झोप नीट लागत नसेल, दचकून उठत असेल तर गेम काही महिने बाजूला ठेवा, त्याला समजावून सांगून. एका गेमपायी पोराची झोप घालवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : 'एक्झिट 8' खेळत होतो तर आजी मागे बसून बघत होती, म्हणाली हा तर चकवा! आमच्याकडे कोकणात चकव्याच्या खूप गोष्टी सांगतात. गेम करणाऱ्यांनी तसंच काही डोक्यात ठेवलं असेल का? आणि मी 5-6 पर्यंत जातो आणि परत 0 होतं, त्यावर काही उपाय?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा, एका शब्दात त्यांनी जे पकडलं ते मला आख्ख्या पानात जमलं नसतं.

ज्यांनी खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो, जपानच्या कोटाके क्रिएटनं नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेला हा छोटासा गेम. जपानी स्टेशनाखाली असतो तसा पांढऱ्या टाइल्सचा भुयारी रस्ता, एका भिंतीवर पोस्टर्स, दुसऱ्या भिंतीला दारं, समोरून बॅग घेऊन येणारा एक माणूस. चालत राहायचं आणि वळण घेतलं की परत तोच रस्ता. नियम भिंतीवरच लिहिलेत, काही वेगळं दिसलं तर लगेच मागे फिरा, नाही दिसलं तर पुढे चला. बरोबर आलं की आकडा एकानं वाढतो, चुकलं की परत 0, आणि 8 नंबरच्या एक्झिटमधून बाहेर पडायचं.

करणाऱ्यांच्या डोक्यात आपला चकवा नसणार, ते जपानी स्टेशन आहे, तिथल्या माणसाला रोजचं असलेलं. पण भीती तीच आहे हे खरं. चकव्यात काय होतं, ओळखीची वाट असते, रोज पायाखालची, आणि माणूस चालतो चालतो आणि परत त्याच आंब्याखाली येतो. त्यात कोणी अंगावर येत नाही, कोणी ओरडत नाही. आपल्या स्वतःच्या ओळखीवरचा विश्वास उडतो, ही वाट मला माहीत आहे की नाही, हेच कळेनासं होतं. मला हा गेम एवढा आवडतो तो याचसाठी. यात सगळ्यात भीतीदायक रस्ता कुठला सांगू? ज्यात काहीच बदललेलं नाही तो. कारण तिथं 'काही नाहीये' असं स्वतःच्या जबाबदारीवर म्हणून पाय पुढे टाकायचा असतो.

आता 5-6 ला का चुकता. तिथपर्यंत आलं की हरायची भीती वाढते, आणि मग दोन प्रकार होतात, एकतर घाईनं पुढे जाता नाहीतर काही नसताना संशयानं मागे फिरता. यावर उपाय एकच, पहिल्या आकड्याला जेवढा वेळ दिला तेवढाच सातव्याला द्यायचा. गेम पहिल्यांदा सुरू होतो तेव्हाचा रस्ता अगदी नॉर्मल असतो, तो घाई न करता बघून घ्या. पोस्टर्स किती, दारं किती, दाराची मूठ कुठल्या बाजूला (ती मधोमध आलेली मला फार उशिरा दिसली होती, अंगावर काटाच आला), छतावरचे दिवे, कॅमेरा, जमिनीवरची पिवळी पट्टी, नो स्मोकिंगची पाटी. आणि त्या माणसाचा चेहरा बघा हो! लोक त्याला टाळून निघून जातात, तो हसत असेल तर कळणार कसं. शेवटी पूर्ण रस्ता चालून झाल्यावर एकदा मागे वळून बघायचं, मागे वळून बघणं म्हणजे मागे फिरणं नाही, त्याला दंड नाही.

प्रश्न : मी एका सोसायटीत सीसीटीव्हीसमोर रात्रपाळी करतो. मुलगा असला गेम खेळत होता, म्हणाला बाबा हे तर तुमचंच काम आहे. यातून माझ्या कामाला काही उपयोग होईल का? रात्री 2 नंतर समोर बघत असतो पण काहीच दिसत नाही असं होतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

तुम्हाला जे होतंय तो आळस नाही आणि तुमचा दोष तर अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणाऱ्या माणसांकडून पाणबुड्यांच्या खुणा सुटायला लागल्या तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं याचा अभ्यास केला, 1948 साली तो छापून आला. एक काटा टप्प्याटप्प्यानं फिरायचा आणि अधूनमधून एकदम दुप्पट उडी मारायचा, ती उडी ओळखायची, सलग दोन तास. पहिल्या अर्ध्या तासातच माणसं जास्त चुकायला लागली. तिथं तर दोनच तास होते, तुम्ही आख्खी रात्र बसता.

गेममध्ये आणि तुमच्या कामात एक मोठा फरक आहे. गेममध्ये थोड्या थोड्या वेळानं काहीतरी घडतंच, म्हणून नजर जागी राहते, तुमच्याकडे महिनोन् महिने काही घडत नाही. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये दाखवलं की शोधायची वस्तू निम्म्या वेळा समोर येत असेल तर लोकांकडून साधारण 7 टक्के सुटतात, पण शंभरात एकदाच येत असेल तर जवळजवळ 30 टक्के. तीच माणसं, तेच डोळे. म्हणजे दुर्मीळ गोष्ट सुटते ती दुर्मीळ आहे म्हणूनच.

गेममधली एक सवय मात्र खरंच घेण्यासारखी आहे, ठरलेल्या क्रमानं फेरी. सगळ्या चौकटींकडे एकदम बघत बसण्यापेक्षा गेट, पार्किंग, लिफ्ट, गच्ची, असं एकेक बघा आणि मनात बोला, 'गेट बंद, पार्किंगमध्ये कोणी नाही.' आणि दर अर्ध्या तासानं उठा, जोडीदार असेल तर अदलाबदल करा, नसेल तर पाच मिनिटं खाली चक्कर मारून या. सोसायटीच्या कमिटीला हे पान दाखवा आणि सांगा की सलग बसवून ठेवलं तर नजर काम करत नाही, हे माझं मत नाही, सत्तर-ऐंशी वर्षं माहीत असलेली गोष्ट आहे. दोन माणसं ठेवणं हा खर्च नाही वाटला पाहिजे त्यांना.

प्रश्न : खूप वेळ खेळल्यावर लाइट बंद केला की खोलीतल्या वस्तू जागच्या हलल्यासारख्या वाटतात. मलाच होतं का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नाही, बऱ्याच जणांना होतं, मलाही झालंय. एका ठिकाणी नजर रोखून धरली की कडेच्या गोष्टी हळूहळू पुसट होतात आणि नजर जरा हलली की परत उगवतात, स्वित्झर्लंडच्या ट्रॉक्सलर नावाच्या डॉक्टरनं 1804 मध्येच हे लिहून ठेवलंय. अंधुक उजेडात तर फारच सहज होतं. त्यात तुम्ही दोन तास मेंदूला एकच काम दिलेलं असतं, काय बदललं ते शोध, तो लगेच कसा थांबेल. म्हणून गेम बंद केल्यावर थेट अंथरुणात जाऊ नका, पाणी प्या, घरात कोणाशी तरी बोला. मग खोलीतला मोठा दिवा लावून एकदा सगळं नीट बघून घ्या, खुर्ची इथं, कपाट बंद, शर्ट दाराला अडकवलेला. दिवा बंद केला की डोळे मिटायचे, परत तपासायला उठायचं नाही.