वाचक विचारतात : रानघोड्यांची ओळख

प्रश्न : चौथीच्या मुलांना रानघोड्यांच्या संवर्धनाविषयी कसे शिकवावे? – एक शिक्षिका, नागपूर

उत्तर : वरातीच्या घोड्यापासून सुरुवात करावी. त्याची आयाळ मानेवर लोळते. मंगोलियातील ‘ताखी’ या रानघोड्याची मात्र ताठ उभी असते आणि कपाळावर झुलूप नसते. हा फरक मुलांना चित्रात काढू द्यावा. १९६९ नंतर ताखी रानात दिसेनासा झाला, परंतु प्राणिसंग्रहालयांत उरलेल्या मोजक्या घोड्यांची वीण जपून १९९२ पासून त्याला मंगोलियाच्या गवताळ प्रदेशात पुन्हा नेण्यात आले, ही हकिकत सावकाश सांगावी. (पिंजऱ्यामुळे एखादी जात वाचली, याचे मुलांना फार नवल वाटते.) आपल्याकडचा त्याचा नातलग म्हणजे कच्छच्या छोट्या रणातील रानगाढव, अर्थात घुडखर, नकाशावर तेही दाखवावे.