वाचकांचे प्रश्न : शहर नियोजन वर्गात शिकवायचं कसं?

प्रश्न : मी सांगलीत ज्युनियर कॉलेजला भूगोल शिकवते. मुलांना शहर नियोजनाची ओळख करून द्यायचीय, थिअरी पण आणि प्रत्यक्ष काम पण. व्याख्या सुरू केल्या की वर्ग झोपतो. सुरुवात कुठून करू? (एक शिक्षिका, विश्रामबाग)

उत्तर : मॅडम, व्याख्या सध्या राहू द्यात, पुरापासून सुरुवात करा. आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी सांगलीच्या पोरांना शिकवावी लागत नाही, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं घराघरात माहितेय. त्यांना दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट या भागात न्या, गट पाडा, आणि घरोघरी दोनच गोष्टी विचारायला सांगा. २००५, २०१९ आणि २०२१ ला पाणी भिंतीवर कुठवर आलं, आणि ही जागा घेतली तेव्हा पुराचं कुणी सांगितलं होतं का. दुसऱ्याचं उत्तर लोक सांगतील त्याच शब्दांत लिहून घ्यायला लावा, तेच पुढं कामाला येणारंय.

परत आलात की महापालिकेचा डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा, आणि पूररेषांचा नकाशा शेजारी शेजारी लावा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. इथं कुणीतरी विचारणारच की मग १६ वर्षांत तीनदा कसं झालं? विचारू देत. २५ वर्षांतून एकदा म्हणजे दरवर्षी ४ टक्के शक्यता, लागोपाठ दोन वर्षं पण येऊ शकतो, आणि हा सगळा हिशोब मागच्या नोंदींवर बेतलेला असतो, नदीकाठ बदलला की तोही बदलायला लागतो.

मग लोक तिथं राहायला गेलेच का? गुंठेवारी समजावल्याशिवाय पुढं जाऊ नका, कळकळीनं सांगतो. शेतजमीन एनए (बिगरशेती) न करता गुंठ्या-दोन गुंठ्यांनी विकली गेली, रस्ता, गटार, मोकळं मैदान कशालाच जागा सोडली नाही, आणि घेणारा कोण तर हमाल, रिक्षावाला, रोजंदारीवरचा माणूस, मंजूर लेआउटमधला प्लॉट त्याच्या आवाक्यातच नव्हता. अशा वस्त्या नियमित करायला २००१ मध्ये राज्याला वेगळा कायदा करावा लागला. पोरांनी या लोकांना ‘बेकायदेशीर’ म्हणून मोकळं होऊ नये, एवढं बघा.

आता थिअरी आणा. पॅट्रिक गेडीस, स्कॉटिश नगररचनाकार, मूळचा जीवशास्त्राचा माणूस, १९१४ ला भारतात आला, इथली शहरं पायी फिरून रिपोर्ट लिहिले, १९१९ पासून मुंबई विद्यापीठात शिकवलं पण. त्याचं म्हणणं, आधी सर्व्हे, मग निदान, मग आराखडा, आणि जुनी वस्ती सरसकट पाडू नका, अगदी लागेल तेवढंच काढा. पोरं हे करून आलेली असतील त्यामुळं लगेच पटतं. जोडीला अमेरिकेतल्या शेरी आर्नस्टीनची १९६९ ची लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी द्या, खाली नुसतं दाखवायला बोलावणं आणि वर खरंच लोकांच्या हातात निर्णय. आपल्याकडं आराखड्यावर लोकांच्या हरकती ऐकायला होते ती सुनावणी कुठल्या पायरीवर बसते यावर वाद होऊ द्या.

शेवटी सुनावणीच घ्या वर्गात. १९६६ च्या एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्यात प्रारूप आराखड्यावर हरकती-सूचना मागवाव्या लागतात. एकाला नगररचनाकार करा, बाकीच्यांना गुंठेवारीतलं कुटुंब, बिल्डर, मळीची, म्हणजे नदीकाठच्या गाळाची, जमीन असलेला शेतकरी. प्रत्येकानं हरकत लेखी द्यायची, गट नंबर आणि नकाशासकट. मग भूमिका अदलाबदल करा, हे अजिबात गाळू नका. बिल्डर झालेलं पोरगं पूरग्रस्त झालं की त्याचं बोलणंच बदलतं.

प्रश्न : बारावी सायन्सला आहे. प्लॅनिंगला जायला आर्किटेक्चर करावंच लागतं का? (एक विद्यार्थी, सातारा)

उत्तर : नाही रे. बारावीनंतर थेट बी.प्लॅनिंग आहे, मॅथ्स हवं, जेईई मेनचा पेपर टू-बी दे. दिल्ली, भोपाळ आणि विजयवाड्याला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आहेत. आणि तोवर एक काम कर, हद्दवाढीत पालिकेत आलेल्या शाहूपुरी, विलासपूर भागात जा, ग्रामपंचायत असताना झालेले बोळ टेपनं मोज आणि अग्निशमनची गाडी कुठल्या वळणावर अडकेल ते वहीत काढ.