नकाशाचं काम घरबसल्या करता येतं, प्रमाणपत्र मात्र विकत घेऊ नये

प्रश्न : मी परभणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगोल. पुढे जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळण्याच्या क्षेत्रात, जायचं आहे. इंटरनेटवरून एखाद्या चांगल्या कामासाठी स्वयंसेवक व्हावं असं वाटतं. एका ठिकाणी अडीच हजार रुपये भरले की ‘व्हर्च्युअल व्हॉलंटियर’ असं प्रमाणपत्र मिळतं. बाबा म्हणतात, फुकटच्या कामात वेळ घालवू नकोस. काय करू?

उत्तर : आधी ते अडीच हजार तुझ्याकडेच ठेव. स्वयंसेवकाला ऑनलाइन काम देणाऱ्या खऱ्या संस्था सहसा नोंदणीचे पैसे मागत नाहीत. आणि जीआयएसच्या मुलाखतीत प्रमाणपत्रापेक्षा तू काय काढलं आहेस, ते बघतात.

तुझ्या विषयाला अगदी जवळचं काम म्हणजे ओपनस्ट्रीटमॅपवरचं मानवतावादी नकाशांकन. ओपनस्ट्रीटमॅप हा कोणालाही भर घालता येणारा जगाचा खुला नकाशा आहे, आणि आपत्तीत किंवा आरोग्यकार्यात मदत करणाऱ्यांसाठी त्यात भर घालायची, हे ते काम. जानेवारी 2010 मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्स शहराचा तपशीलवार खुला नकाशाच नव्हता. जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रस्ते आणि इमारती काढल्या आणि मदत पथकांनी तो नकाशा वापरला. त्यातूनच ‘हॉट’ म्हणजे ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम ही संस्था उभी राहिली. 2014 पासून रेड क्रॉस आणि डॉक्टरांची एमएसएफ ही संघटना तिच्यासोबत ‘मिसिंग मॅप्स’ हा नकाशे नसलेल्या भागांचे नकाशे काढण्याचा उपक्रम चालवतात. लसीकरणाला निघालेल्या पथकाला वस्ती कुठे आहे आणि घरं साधारण किती, हे कळायला हाच नकाशा लागतो.

ओपनस्ट्रीटमॅपवर खातं काढ आणि त्याच खात्यानं हॉटच्या टास्किंग मॅनेजरमध्ये, म्हणजे काम वाटून देणाऱ्या वेबसाइटवर, शिर. नवशिक्यांसाठीचा, फक्त इमारती मागणारा प्रकल्प निवड. त्याच्या सूचना पूर्ण वाच, कारण काय काढायचं आणि कोणतं उपग्रहचित्र वापरायचं हे तिथेच लिहिलेलं असतं. प्रकल्पाचा भाग चौकोनांत विभागलेला असतो. एक चौकोन घेतला की तो साधारण दोन तास तुझ्या नावावर राहतो आणि आयडी नावाचा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो. मोबाइलवर हे काम होत नाही. लॅपटॉप आणि साधा माउस लागतो. टचपॅडवर कोपरे नीट बसत नाहीत आणि हातही दुखतो.

इमारतीचे चारही कोपरे टिपून आकार बंद कर, ‘बिल्डिंग’ टॅग दे आणि की-बोर्डवरचं क्यू दाब. कोपरे काटकोनात येतात. गोल झोपडी असेल तर ओ दाब. चित्र तिरकं घेतलेलं असलं की छप्पर एका बाजूला कललेलं दिसतं. अशा वेळी छपराचा आकार काढून तो सरकवून घराच्या पायावर आणायचा. नवीन मुलांचं इथेच सर्वांत जास्त चुकतं. त्याखालोखाल चुकतात ते चिकटून असलेली चार घरं एकाच आकारात कोंबणारे, आणि गवताची गंजी किंवा झाडाची सावली घर म्हणून काढणारे. शंका आली तर चित्र मोठं करून सावलीची दिशा बघ. तरीही खात्री नसेल तर ते काढू नकोस. रस्ते काढायला लागलीस की एक रस्ता दुसऱ्याला मिळतो तिथे दोन्हींचा बिंदू एकच हवा. नुसती रेघेवर रेघ गेली तर मार्ग शोधणाऱ्या प्रणालीला तिथे रस्ता तुटलेला दिसतो. आणि गूगल मॅप्सवरून बघून काहीही उतरवायचं नाही. परवान्याचा भंग होतो आणि असं काम काढून टाकलं जातं.

काम झालं की आधी एडिटरमध्ये सेव्ह कर, मग टास्किंग मॅनेजरमध्ये चौकोन सादर कर. या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. चौकोन अपुरा राहिला असेल तर ‘पूर्ण नाही’ असंच सांगून सोड. पुढचा माणूस तिथून उचलतो.

नंतर दुसरा अनुभवी स्वयंसेवक तुझं काम तपासतो, चुकलं असेल तर चौकोन परत पाठवतो, शेरा लिहितो. माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. कॉलेजच्या प्रात्यक्षिकात तुझी प्रत्येक रेघ कोणी तपासत नाही, इथे तपासतात. शेरा आला की पन्नास नवी घरं काढण्याआधी जुनी दुरुस्त कर.

बाबांना सांग, उपग्रहचित्रावरून असं रेखाटणं म्हणजे डिजिटायझेशन, आणि जीआयएस कंपन्यांत सुरुवातीला बऱ्याचदा हेच काम मिळतं. मात्र तेवढ्यावर नोकरी मिळेल असं मी म्हणणार नाही. सोबत क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर शिक, ते मोफत आहे. तू काढलेल्या भागाचा डेटा ओव्हरपास टर्बो या वेबसाइटवरून उतरवून घे, क्यूजीआयएसमध्ये उघड, प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलून बघ, रस्त्यापासून एक किलोमीटरच्या बाहेर किती घरं राहतात ते काढ आणि त्याचा छापण्याजोगा नकाशा तयार कर. असे तीन नकाशे आणि ओपनस्ट्रीटमॅप प्रोफाइलची लिंक बायोडेटात दे. प्रोफाइलवर प्रत्येक बदल तारखेसह सगळ्यांना दिसतो. म्हणून खातं शेवटपर्यंत एकच ठेव.

संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवक योजनाही आहे. वय 18 पूर्ण लागतं, आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास, कमाल 12 आठवडे. तिथे नोकरीसारखा अर्ज करावा लागतो आणि निवड होते, म्हणून तिकडे वर्षभरानं, हातात नकाशे असताना जा.

एनएसएसमध्ये असशील तर वर्षाच्या 120 तासांत हे काम धरतील असं गृहीत धरू नकोस. कार्यक्रम अधिकाऱ्यांना आधी विचार. आठवड्यातून तीन दिवस, दीड-दोन तास पुरेत. परीक्षेच्या महिन्यात पूर्ण बंद ठेव. इथे रजा मागावी लागत नाही, फक्त घेतलेला चौकोन अडवून ठेवू नकोस.