कुवेतचं युद्ध आणि बगदादची वेस

प्रश्न : १९९० मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला तो तेलासाठी, असंच ऐकत आलो. ते खरं का? आणि कुवेत सोडवल्यावर अमेरिकेचं सैन्य बगदादवर का गेलं नाही?

उत्तर : 'तेलासाठी' हे खोटं नाही, पण निम्मंच. हा विषय वर्गात शिकवायचो तेव्हा मी आधी इराकची उधारीची वही उघडायचो. इराणशी आठ वर्षं लढून १९८८ मध्ये हाती काहीच लागलं नाही, कर्ज मात्र अब्जावधी डॉलरचं. त्यातले सुमारे १४ अब्ज कुवेतचे. सद्दाम हुसेनचं म्हणणं, इराणला आम्ही थोपवलं ते तुमच्याहीसाठी, तेव्हा हे पैसे सोडा. कुवेत सोडेना. त्यात कुवेत ओपेकने (तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेने) ठरवून दिलेल्या कोट्याबाहेर तेल काढत होता, भाव पडत होते आणि इराकची मिळकत आटत होती. दोन्ही देशांच्या सीमेवरच्या रुमैला तेलक्षेत्रात तिरक्या विहिरी खणून आमचं तेल चोरता, हा आणखी एक आरोप. कुवेतच्या वरबा आणि बुबियान या बेटांवरही इराकचा डोळा होता, कारण इराकच्या उम्म कसर बंदराची वाट त्यांच्या बाजूनेच जाते. 'कुवेत मुळात आमचाच' हा दावा तर निदान १९६१ पासूनचा. १९६३ मध्ये इराकनेच कुवेतला मान्यता दिली होती, ते सोयीने विसरलं गेलं.

सौदी अरेबियातल्या जेद्दात दोघांची बोलणी फिसकटली आणि २ ऑगस्टच्या पहाटे रणगाडे घुसले. कुवेतचे अमीर (राज्यकर्ते) सौदीत निसटले, त्यांचे भाऊ शेख फहद दस्मान राजवाड्यापाशी मारले गेले. महिना संपायच्या आत कुवेत इराकचा एकोणिसावा प्रांत म्हणून जाहीरही झाला.

माझ्या मते सद्दामचा खरा अडाणीपणा पुढच्या साडेपाच महिन्यांतला. इराकला वर्षानुवर्षं शस्त्रं पुरवणाऱ्या सोव्हिएत संघानेही सुरक्षा परिषदेत त्याच्याविरुद्ध मत दिलं, इजिप्त आणि सीरियाच्या फौजा समोर उभ्या राहिल्या, कुवेत सोडायची १५ जानेवारीची मुदत आली आणि गेली, तरी गडी हलला नाही. १७ जानेवारी १९९१ ला अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांची बॉम्बफेक सुरू झाली. इस्रायलवर स्कड क्षेपणास्त्रं टाकून त्याला युद्धात ओढायचं आणि अमेरिकेच्या बाजूची अरबांची फळी फोडायची, हा डावही फसला, कारण इस्रायलने उलट वार केलाच नाही. जमिनीवरची लढाई २४ फेब्रुवारीला सुरू झाली आणि शंभर तासांत आटोपली. माघार घेताना इराक्यांनी सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विझायला नोव्हेंबर उजाडला.

आता बगदाद. सुरक्षा परिषदेच्या ठराव ६७८ ने परवानगी दिली होती ती कुवेत सोडवायची, राजवट बदलायची नाही. अरब मित्र बगदादवर चालून आले नसते, आणि इराक फुटला तर फावणार इराणचं, ही धास्ती वॉशिंग्टनलाही होती. हा हिशेब मला पटतो. पटत नाही ते वेगळंच. तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष थोरले बुश यांनी फेब्रुवारीत इराकी जनतेला सद्दामला खाली खेचायचं आवाहन केलं. मार्चमध्ये दक्षिणेतले शिया आणि उत्तरेतले कुर्द खरंच उठले, तेव्हा अमेरिकेचं सैन्य दक्षिण इराकमध्येच होतं आणि ते जागचं हललं नाही. दक्षिण इराकमधल्या सफवानच्या युद्धबंदीच्या बैठकीत अमेरिकेचे सेनापती जनरल श्वार्झकॉफ यांनी इराकी हेलिकॉप्टरना उडायची मुभा दिली होती. बंड मोडायला सद्दामने तीच वापरली.